बावन्न, आणि एक

रात्री वारा नव्हता, तरी तो पडला.
तांबोपाताच्या काठचा शिवावाको,
माझ्या आजोबांच्याही आधीपासून उभा.
सकाळी सिग्नेबाई म्हणाल्या, बरं झालं,
शेंडा आता हाताशी आला.
मी काही बोललो नाही. चिमटा घेतला,
स्पिरिटच्या बाटल्या घेतल्या,
आणि गुडघ्यांवर बसलो.

पहिल्या तासात एकोणीस.
एक तांबूस, कमरेत इतकी बारीक
की पुढची अर्धी मागचीला सोडून निघून जाईल.
एक चपटी, डोकं बशीसारखं:
फांदीच्या भोकात ती बशी बसवते
आणि दार होऊन राहते जन्मभर.
मी काडीनं टकटक केली.
दार हललं नाही.
एक, जिचा जबडा मिटतो तेव्हा
त्या झटक्यानं ती स्वतःच मागे उडते.
आणि एक एवढीशी, की लेबलावरच्या पूर्णविरामाला
मी दोनदा चिमटा लावला.

त्यांचं घर अजून त्यांना पडलेलं कळलं नव्हतं.
पांढरी अंडी तोंडात धरून
त्या सवयीनं वर निघाल्या होत्या,
आणि वर आता आडवं होतं.

दहाच्या सुमारास ओतिलिया आत्या आली, युक्काची टोपली घेऊन.
तिच्याकडे लॅटिन नाही.
तिच्या हिशेबात
एक ती, जी डसली की एक दिवस एक रात्र झोपू देत नाही.
एक ती, जी पानं कापून नेते, जिची राणी मीठ लावून भाजतात.
एक झाड राखणारी,
त्या झाडाला टेकायचं नाही, भांडण झालं तरी.
आणि ज्या फौजेनं घरी येतात,
तेव्हा आपण बाहेर जायचं.
तेव्हा आत्या कोंबड्या आणि कालवणाचं पातेलं घेऊन
दुपारभर अंगणात बसते.
छपरातली झुरळं, विंचू, कोळी, सगळं साफ.
मग त्या जातात.
अशी मोलकरीण, ती म्हणते,
प्युएर्तो माल्दोनादोतही मिळत नाही.

सिग्नेबाई हसल्या, आणि लिहून घेतलं.

मग आत्यानं वाळकी डहाळी कडकन मोडली,
आतलं जिभेवर घेतलं.
लिंबू, म्हणाली. ही आहे का तुमच्याकडे?
नव्हती.
छत्तीस.

दुपारी उठायला गेलो तर डावा पाय जागेवर नाही.
पायाला मुंग्या आल्या होत्या,
हजारो, कातडीच्या आतून, रांगेनं,
घोट्यापासून वर.
मी तसाच उभा राहिलो, बगळ्यासारखा.
आत्यानं विचारलं, काय झालं एदिल्बेर्तो?
म्हटलं, मुंग्याच. पण यांना बाटलीत भरता येत नाही.
तिनं माझ्या पोटरीवर चापट मारली
आणि त्या गेल्या,
कुठे ते कधीच कळत नाही.

कंदील लावून मोजणी संपली.
एका झाडावर बावन्न.
बाईंनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.
त्यांच्या नॉर्वेत, म्हणाल्या,
अख्ख्या देशात जेमतेम एवढ्या.
अभिमान वाटला मला, जणू मीच त्या घडवल्या.
मग शिवावाकोकडे पाहिलं.
अंधारात तो नुसता एक लांब अंधार होता,
आणि त्याच्यावरून कुणीतरी अजून चालत होतं,
बाटलीबाहेरचं.

होडीत मी मागे बसलो.
मधे कुठेतरी, नदी वळते तिथे,
मानेला कडकडून चावलं.
हात आधी गेला. मी नंतर.

टॉर्चखाली तळव्यावर एक ओला डाग
आणि एक पाय,
सोनेरी केसांचा.
बावन्नांत सोनेरी केस कुणालाच नव्हते.

बाई पेंगत होत्या.
वही त्यांच्या मांडीवर, उघडीच.
मी पेन्सिल शोधली,
दोन रेघांच्या खाली, होडी हलत असल्यानं वेडंवाकडं,
लिहिलं:
आणि एक.
पाहण्याआधी.